हॅलेचा रिझल्ट

तुम्ही लॅपटॉपवर टर्मिनल उघडता, एक कमांड टाकता आणि पुढचं ग्रहण कधी, धूमकेतू कधी, सगळं स्क्रीनवर हजर! हेच गणित हाताने करणारा एडमंड हॅले तुम्हाला माहीत हवा.

१६८२ साली इंग्लंडमधून त्याने एक धूमकेतू पाहिला, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. म्हणजे तुमच्यापेक्षा थोडासाच मोठा. पुढे न्यूटनचे नियम वापरून त्याने जुन्या नोंदींतल्या २४ धूमकेतूंच्या कक्षा काढल्या. कागद, शाई आणि चिकाटी, बस्स. त्यात १५३१, १६०७ आणि १६८२ च्या कक्षा जवळपास सारख्याच निघाल्या. हा तर एकच पाहुणा, दर ७५-७६ वर्षांनी येणारा! १७०५ मध्ये त्याने छापून टाकलं, की हा १७५८ मध्ये परत येईल.

आता हिशोब करा. हॅलेचा जन्म १६५६ चा, म्हणजे तेव्हा त्याचं वय १०२! आपला रिझल्ट आपल्याला बघायला मिळणार नाही, हे दिसत असूनही त्याने साल सांगितलं. (आपला रिझल्ट दोन दिवस लांबला तरी आपला जीव टांगणीला लागतो.) १७४२ मध्ये तो गेला.

पुढे पॅरिसमध्ये क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत ही बाई, अशा तिघांनी गुरू-शनीच्या ओढीने होणारा उशीर मोजायला कित्येक महिने आकडेमोड केली. तरी त्यांची तारीख महिनाभराने चुकलीच. पण साल? २५ डिसेंबर १७५८ च्या रात्री जर्मनीतल्या पालिच नावाच्या शेतकऱ्याला धूमकेतू दिसला.

आता तो २०६१ मध्ये येतोय. तुमचं तेव्हाचं वय काढून ठेवा.