रोजगार हमीचे जनक : वि. स. पागे

वि. स. पागे हे नाव आपल्या वर्गातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. पण रोजगार हमी हा शब्द ऐकला नाही असा माणूस आपल्या गावात शोधून सापडायचा नाही. ओढ्यावरचे मातीचे बांध, वाडीकडे जाणारी कच्ची सडक, शाळेमागचा पाझर तलाव ही सगळी कामे रोजगार हमीची, असे मोठी माणसे सांगतात. ही हमी ज्यांच्या डोक्यातून निघाली त्या माणसाची माहिती मी गोळा केली आहे. काही गुरुजींनी सांगितली, काही वाचनालयातल्या पुस्तकांतून मिळाली आणि थोडीफार माझ्या आजीकडून.

त्यांचे पूर्ण नाव विठ्ठल सखाराम पागे. जन्म १९१० साली, वाळवे तालुक्यातल्या बागणी गावी. हा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली त्याचा दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० पासून त्याला सांगली जिल्हा म्हणतात. पागे शिकून वकील झाले. गांधीजींच्या विचारांचे असल्यामुळे स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, तुरुंगातही गेले. संतवाङ्मयाचा त्यांचा व्यासंग मोठा होता. परंतु त्यांचे खरे काम स्वातंत्र्यानंतरचे, म्हणून मी पुढेच जातो.

आपल्या राज्याच्या कायदेमंडळाची दोन सभागृहे आहेत. एक विधानसभा, दुसरे विधान परिषद. पागे विधान परिषदेत गेले आणि जुलै १९६० पासून १९७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षे, त्या सभागृहाचे सभापती होते. सभापती म्हणजे काय करतात, असे मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले की सभापतींनी कोणाची बाजू घ्यायची नसते. इतरांनी बोलायचे आणि त्यांनी ऐकायचे. मतसुद्धा द्यायचे नसते, फक्त दोन्ही बाजूंची मते सारखी पडली तरच. आपल्या वर्गाच्या मॉनिटरसारखेच म्हणा की ! दुसऱ्यांना बोलू द्यायचं, गडबड आवरायची, आणि स्वतः मात्र गप्प बसायचं.

आता मला नवल वाटते ते इथेच. ज्या माणसाला सभागृहात भाषण करायची मोकळीक नव्हती, त्याने गरिबांसाठी एवढा मोठा कायदा घडवून आणला तो कसा ? तर पत्रे लिहून, गावात प्रयोग करून, मंत्र्यांशी आणि अधिकाऱ्यांशी बैठकांमध्ये बोलून, आणि वर्षानुवर्षे पिच्छा न सोडता.

त्यांना दिसले होते ते आपल्यालाही रोज दिसते. कोरडवाहू मुलखात पावसाळ्यात पेरणी, भांगलण, मग सुगी. सुगी सरली की काम संपले. ज्याच्याकडे विहीर आहे त्याचे बरे चालते. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याने होळीनंतर मृगापर्यंत काय खायचे ? दुष्काळ पडला तर सरकार कामे काढी, पण त्यासाठी आधी आणेवारी व्हायची. पीक निम्म्याहून कमी आले असे कागदावर ठरले, तरच दुष्काळ जाहीर. इंग्रजांच्या वेळेपासूनची ही रीत. आता पोटाला आणेवारी थोडीच कळते ? चांगल्या सालीसुद्धा मजुराच्या घरी चूल थंड असायची आणि ते साल कागदावर सुकाळाचेच असायचे.

पागे यांचे म्हणणे असे होते की काम मागणारा माणूस दारात उभा राहिला, एवढे कारण पुरे. दुष्काळ जाहीर व्हायची वाट कशाला पाहायची ? आणि फुकट धान्य वाटण्यापेक्षा काम द्यावे, म्हणजे माणसाचा मान राहतो आणि गावात बांध, तलाव, रस्ता असे काहीतरी कायमचे उभे राहते. हा विचार त्यांनी १९६५ साली मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्राने कळवला. नुसते पत्र लिहून ते थांबले नाहीत. तासगाव तालुक्यातल्या विसापूर गावी हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहण्यात आला. तासगावची द्राक्षे आज सगळीकडे जातात, पण तो मूळचा कमी पावसाचाच तालुका. तिथे हाताला काम देता येते आणि त्यातून जमीनही सुधारते हे दिसून आले.

पुढे १९७२ साली ही योजना राज्यभर न्यायचे ठरले आणि त्याच साली मोठा दुष्काळ आला. त्याच्या आधीची दोन सालेही कमी पावसाचीच होती. पालकांपैकी ज्यांचे आईवडील तेव्हा हिंडते-फिरते होते त्यांनी घरी ऐकले असेल. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. माझी आजी तेव्हा अठरा वर्षांची, नुकती लग्न होऊन आलेली. ती खडी फोडायला जायची. डोक्यावर पदर, डोळ्यांत कच, आणि हाताला फोड आले की चिंधी बांधायची. तिथे सुकडी मिळायची. परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाव्या लागत. ती भाकरी घशाखाली उतरत नव्हती, असे आजी अजून सांगते. पगार एका आठवड्याचा दुसऱ्या आठवड्याला, कधी तिसऱ्याला. पण त्या कामामुळे आमच्या घरची माणसे जगली हेही तीच सांगते.

दुष्काळ सरला. आता सरकारी कामे बंद होणार, पुन्हा पूर्वीचेच दिवस येणार, असे लोकांना वाटले. पण १९७४ पासून रोजगार हमी योजना पुन्हा जोमाने सुरू झाली. मात्र ती होती नुसती सरकारी योजना. आज एका सरकारने काढली, उद्या दुसऱ्याने मोडली तर कोण काय करणार ? म्हणून पागे यांचा आग्रह होता की हा कायदाच व्हावा. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यासाठी कोणाला कोर्टात जाता येत नाही. ते तत्त्व मजुराच्या हातात देणारा कायदा पाहिजे होता.

मोठा प्रश्न होता पैशाचा. एवढ्या लोकांना मजुरी द्यायची तर पैसा आणायचा कुठून ? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. शहरातल्या नोकरदारांनी, वकील-डॉक्टरांनी, व्यापाऱ्यांनी थोडे थोडे द्यायचे आणि सरकारने आपल्या तिजोरीतून तेवढीच भर घालायची. बागायती जमिनीवरही पट्टी बसली. आमच्या गुरुजींनी आपली पगाराची चिठ्ठी मला दाखवली. दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर, आणि फेब्रुवारीत ३०० रुपये. तो कर मुळात कशासाठी निघाला हे आता फार थोड्यांना ठाऊक असेल. मुंबईच्या कचेरीतल्या माणसाच्या पगारातून खेड्यातल्या बाईची मजुरी निघते, ही युक्ती मला तरी फार आवडली.

१९७७ साली महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाला. सत्तेतला पक्ष आणि विरोधक यांचे एरवी कशावर एकमत होत नाही म्हणतात, पण यावर झाले. २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अमलात आला. त्यातले नियम साधे होते. अठरा वर्षांवरील कोणीही अंगमेहनतीचे काम मागितले तर पंधरा दिवसांत द्यायचे. नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता फार नव्हता, सुरुवातीला दिवसाला एक रुपया. पण तो द्यावा लागणे म्हणजे सरकार चुकले असे लेखी कबूल करणे, म्हणून त्याला किंमत. खर्चापैकी निदान ६० टक्के मजुरीवर गेला पाहिजे, असेही ठरले. नाहीतर सगळा पैसा सिमेंट आणि यंत्रे खाऊन टाकतील ना ! कामावर प्यायचे पाणी, सावली आणि लहान पोरांना सांभाळायची सोय ठेवायची. आणि बाई असो की बुवा, सारख्या कामाला सारखी मजुरी. त्या काळी शेतावर बाईला पुरुषापेक्षा कमीच मिळायचे. म्हणून या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या.

नावे ठेवणारेही होते. लोक आळशी होतील असे कोणी म्हणत. मोठे बागायतदार कुरकुरत की आता मजूर मिळत नाहीत, जास्त मजुरी मागतात. मला वाटते, मजूर जास्त मागायला लागला हाच तर कायद्याचा गुण होता. पण दुसरी तक्रार खरी होती. हजेरीपटावर खोटी नावे चढत, मोजमाप कमी धरले जाई, पगार रखडे. त्यावर लक्ष ठेवायला कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सदस्यांची एक समिती नेमण्यात आली. ती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून कामे पाही, लोकांचे ऐके आणि सभागृहाला अहवाल देई. गुरुजी सांगतात की आमदारांचे निम्मे काम अशा समित्यांतच होते, पण भाषणांसारखे ते वर्तमानपत्रात दिसत नाही.

पागे १९७८ साली सभापतिपदावरून उतरले, तरी रोजगार हमीचे काम त्यांनी सोडले नाही. या योजनेवर देखरेख करणाऱ्या राज्य परिषदेचे ते अध्यक्ष होते. १९९० साली ते वारले. त्याच साली फळबागांची लागवड रोजगार हमीला जोडली गेली आणि कोरडवाहू जमिनींवर आंबा, बोर, डाळिंब, सीताफळ उभे राहू लागले.

पंधरा वर्षांनी, २००५ साली, दिल्लीच्या संसदेने साऱ्या देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ पासून तो प्रथम २०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि नंतर सगळीकडे गेला. महाराष्ट्राच्या कायद्यातली पंधरा दिवसांची मुदत त्यात होती आणि काम न दिल्यास भत्ताही होता.