मासवणचे बाबूराव

वसई-विरारमध्ये राहणाऱ्या माणसाच्या कानावर मासवण हे नाव पडते ते नळाच्या निमित्ताने. सूर्या नदीवरच्या मासवण पंपिंग स्टेशनात बिघाड झाला की आमच्याकडे पाणी नाही. मग बादल्या, पिंपे आणि शेजारणींचे संवाद. या गावाचा सिनेमाशी काही संबंध असेल, आणि तोही एवढा दणदणीत, असे गेल्या वर्षापर्यंत मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

झाले असे की, आमच्या चित्रपट मंडळात गेल्या वर्षी जगातले नावाजलेले चित्रपट दाखवले गेले आणि त्यांवर भित्तिपत्रकात टिपणे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ‘सिटिझन केन’मध्ये मला कॅमेऱ्याची करामत दिसली, माणूस फारसा भेटला नाही. ‘राशोमान’ बरा वाटला. ‘बायसिकल थीव्ह्ज’ चांगला, पण लोक म्हणतात तेवढा नाही. ‘पथेर पांचाली’ संथ. सगळी टिपणे अशीच, ना गरम ना गार! मित्र म्हणाले, हा शिष्टपणा आहे. एका सरांनी मात्र टिपण वाचून हसत विचारले की, पालघरच्या बाबूरावांची गादी चालवायचा विचार आहे की काय. कोण हे बाबूराव, ते मला ठाऊक नव्हते. लाज वाटली, म्हणून शोधू लागलो.

बाबूराव पटेल यांचा जन्म ४ एप्रिल १९०४ रोजी मासवणचा. मूळ आडनाव पाटील. गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. कॉलेजचे शिक्षण न घेतलेला हा मुलगा मुंबईत वाढला, वर्तमानपत्री लिखाणात शिरला आणि मूकपटांच्या काळातच सिनेमाच्या धंद्यात ओढला गेला. ‘किस्मत’ (१९२९), ‘महानंदा’, ‘परदेसी सैंया’ (१९३५) असे काही चित्रपट त्यांनी दिग्दर्शितही केले. त्यांची आज कोणाला आठवण नाही.

आठवण आहे ती ‘फिल्मइंडिया’ची. एप्रिल १९३५ मध्ये हे इंग्रजी मासिक निघाले. ज्याने इंग्रजी कोणत्याही विद्यापीठात गिरवले नाही, त्याची इंग्रजी पुढे देशभरचे कॉलेजकुमार चाखून चाखून वाचू लागले! लाहोरला शिकणाऱ्या देव आनंदच्या पिढीलाही या मासिकाचे वेड होते. एस. एम. पंडितांसारख्या चित्रकारांची मुखपृष्ठे, आत निर्मात्यांच्या पानभर जाहिराती, आणि त्याच निर्मात्यांच्या चित्रपटांची चिरफाड. ‘बॉम्बे कॉलिंग’ हे सदर ‘जूडास’ या टोपणनावाने निघे, लिहिणारे बाबूरावच. ज्याने आपल्या गुरूला धरून दिले त्याचे नाव स्वतःहून घेणारा संपादक विरळा! वाचकांच्या प्रश्नांना ते उत्तरे देत, त्यांत नट्यांच्या लग्नांपासून देशाच्या राजकारणापर्यंत सगळे येई. माझ्या मते मासिकाचा खप त्या पानांवर उभा असावा.

जुने अंक आता संगणकावर वाचायला मिळतात. मी रात्री उशिरापर्यंत ते वाचत बसलो. कोमट निकाल हा प्रकार बाबूरावांच्या गावीही नव्हता. १९४४ साली ‘ज्वार भाटा’तून एक नवा नट आला, तेव्हा त्याची अशक्त प्रकृती पाहून त्यांनी त्याला नायक म्हणूनच मोडीत काढले. तो नट म्हणजे दिलीपकुमार. उलट १९५७ च्या ‘मदर इंडिया’वर त्यांनी कौतुकाचा असा वर्षाव केला की, हेच ते बाबूराव का, असा प्रश्न पडावा. लेखणीचे घाव ज्यांना बसत ते सगळेच मुकाट्याने सोसत नसत. शांता आपटे हातात छडी घेऊन त्यांच्या कचेरीत शिरल्या होत्या, ही हकिकत आजही चवीने सांगतात.

परदेशी चित्रपटांशी त्यांचे जे भांडण झाले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९३८ चा ‘द ड्रम’ आणि १९३९ चा ‘गंगा दीन’ हे उत्तम बांधणीचे, रंजक चित्रपट; पण त्यांतला हिंदुस्थानी माणूस एक तर क्रूर, नाही तर साहेबाचा इमानी चाकर. ‘फिल्मइंडिया’तून बाबूराव आणि ख्वाजा अहमद अब्बास यांनी याविरुद्ध रान उठवले. ‘द ड्रम’वरून मुंबईत निदर्शने झाली, ‘गंगा दीन’वर इथे बंदी आली. चित्रपट चांगला बनला आहे, एवढ्यावर निकाल संपत नाही. तो कोणाविषयी काय सांगतो हेही विचारायचे असते, हे त्या काळात एका सिनेमासिकाने वाचकाला दाखवले. अब्बास यांनी सिनेमाला वाईट मानणाऱ्या गांधीजींना लिहिलेले खुले पत्रही १९३९ च्या ऑक्टोबरमध्ये याच मासिकात आले.

मग येतो १९४४ सालचा ‘द्रौपदी’. इतरांच्या चित्रपटांना धोपटणाऱ्या बाबूरावांनी स्वतः दिग्दर्शित केलेला, नायिका सुशीलाराणी. १९४६ साली ‘ग्वालन’. दोन्ही पडले. इंडस्ट्रीत किती जणांनी त्या दिवशी पेढे वाटले असतील! (मी वाटले असते.) तरी दुसऱ्यांवरची त्यांची टीका थांबली नाही, आणि मला वाटते ती थांबायचे कारणही नव्हते. स्वयंपाक न येणाऱ्यालाही आमटी खारट झालेली कळते.

सुशीलाराणी पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. बाबूरावांपेक्षा चौदा वर्षांनी लहान, मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेल्या गायिका. मासिकाच्या लिखाणाचा मोठा भार त्यांनी उचलला. पाली हिलवरच्या ‘गिरनार’ बंगल्यात मधुबाला त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला येत असे. बाबूरावांवरच्या लेखांत त्यांना एखादे वाक्य मिळते. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा, आणि तो आमच्या वर्गातल्या संगीत शिकणाऱ्या मैत्रिणीने पुढच्या अंकासाठी लिहावा, अशी माझी जाहीर विनंती आहे.

उत्तरार्ध मला आवडत नाही, पण तो लपवणे बरे नव्हे. १९६० च्या सुमारास ‘फिल्मइंडिया’ जाऊन ‘मदर इंडिया’ हे राजकीय मासिक आले. त्याआधीच ‘बर्निंग वर्ड्स’ या पुस्तकात त्यांनी नेहरूंच्या कारभारावर आग ओकली होती. १९६७ साली जनसंघातर्फे मध्य प्रदेशातील शाजापूरहून ते लोकसभेवर गेले. होमिओपॅथीची औषधेही देत. या काळातले मुसलमानांविषयीचे त्यांचे लिखाण मला वाचवत नाही. आमच्या बाकावर वाडवळ, आगरी, कुपारी आणि मुसलमान मुले शेजारी बसतात. ती पाने मी त्यांच्यासमोर उघडू शकणार नाही. सआदत हसन मंटो यांनी बाबूरावांचे व्यक्तिचित्र लिहिले आहे. त्यात माया आहे आणि खंतही आहे. फाळणीने लाहोरला गेलेल्या मित्राला ही खंत वाटली नसती तरच नवल. नटाला एका ओळीत निकालात काढणारी सवय पुढे माणसांच्या समूहाला लागली, असे माझे मत. सरांना ते पटलेले नाही.

बाबूराव १९८२ साली गेले.

दिवाळीच्या सुट्टीत मी मासवणला जाऊन आलो. डहाणू लोकलने पालघर, तिथून पुढे मनोरच्या दिशेने. नदीला पाणी होते. चहाच्या टपरीवर मी बाबूराव पटेलांचे नाव काढले, तेव्हा एका काकांनी, मी पाणीपुरवठ्याच्या कामासाठी आलो आहे का, असे विचारले आणि पंपाकडची वाट दाखवली. मी तिकडेच गेलो.

परत आल्यावर ‘पथेर पांचाली’ पुन्हा पाहिला. पहिल्यांदा तो मी रात्रपाळी करून आल्यावर, अर्धवट झोपेत पाहिला होता, ही गोष्ट टिपणात लिहायची राहून गेली होती. ‘ज्वार भाटा’चे परीक्षण वाचताना मी बाबूरावांना हसलो, तेव्हा हे मला आठवत होते. दुसऱ्या पाहण्यात दुर्गाच्या मृत्यूनंतर हरिहर घरी येतो आणि तिच्यासाठी आणलेली साडी बायकोपुढे धरतो, तिथे मला मोबाईल खाली ठेवावा लागला. ‘संथ’ हा शब्द मी भित्तिपत्रकावर जाऊन खोडला आणि त्याखाली तारीख घालून नवे टिपण लावले.

‘सिटिझन केन’ही पुन्हा पाहिला. त्याचे टिपण आहे तसेच आहे.