पंडिता रमाबाई आणि दुष्काळाचें भय

दुष्काळ म्हणजे काय, हें पंडिता रमाबाईंस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. कुमारवयांतच अन्नान्नदशेच्या दिवसांत आईबाप व वडील बहीण त्यांस अंतरलीं. पुढें 1896-97 सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. त्या आठवणींनीं कोणाचेंही पाऊल अडखळलें असतें. हातीं द्रव्यही बेताचेंच होतें. परंतु प्रभु पुरवील, ह्या विश्वासानें त्या तेथें गेल्या व सुमारें 300 अनाथ मुली व विधवांस त्यांनीं वांचविलें. पुण्यांत प्लेग असल्यामुळें त्यांस केडगांवच्या आपल्या शेतावर नेलें. तेथेंच मुक्तिसदन उभें राहिलें. 1921 सालीं एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरी 1922 सालीं देह ठेवीपर्यंत बाईंनीं हातचें काम सोडलें नाहीं. ज्या संकटानें आपलें घर मोडलें, त्यांतच दुसऱ्यांसाठीं पुन्हां शिरण्याचें बळ श्रद्धा देते, हें आम्हीं ह्या चरित्रावरून शिकावें.