शत्रूचे मूल आणि पाच पौंडांचा दंड

युद्ध थांबले की उपासमारही थांबते, असा आपला समज असतो. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिल्या महायुद्धाच्या तोफा थंडावल्या. पण दोस्त राष्ट्रांनी केलेली शत्रुराष्ट्रांची नाकेबंदी पुढे कित्येक महिने चालूच राहिली. व्हिएन्नातील मुले दुधाविना, मुडदुसाने वाळत होती. या मुलांनी कोणते युद्ध पुकारले होते? हा प्रश्न लंडनच्या भर चौकात विचारणाऱ्या बाईचे नाव एग्लंटाईन जेब.

जेब यांचा जन्म २५ ऑगस्ट १८७६ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, सुखवस्तू घराण्यात झाला. ऑक्सफर्डला त्या इतिहास शिकल्या. काही काळ शिक्षिका होत्या, पण त्या कामात रमल्या नाहीत. केंब्रिज शहरातील गरिबीची पाहणी करून १९०६ साली त्यांनी पुस्तक लिहिले. १९१३ मध्ये मदतकार्यासाठी त्या मॅसिडोनियात गेल्या आणि युद्धाने उठवलेल्या माणसांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

१९१९ च्या वसंतात ट्रफाल्गर चौकात त्यांनी उपाशी ऑस्ट्रियन मुलांची छायाचित्रे असलेली पत्रके वाटली. सेन्सॉरची परवानगी नव्हती, म्हणून युद्धकाळातील संरक्षण कायद्याखाली त्यांना अटक झाली. खटल्यात आपली बाजू त्यांनी स्वतः मांडली. कायद्याच्या अक्षरावर हार ठरलेलीच होती. त्यामुळे त्यांनी भर दिला तो नीतीवर. पाच पौंड दंड झाला. सरकारी वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनीच पाच पौंड त्यांच्या हाती ठेवले आणि ती मुलांच्या निधीची पहिली देणगी ठरली, असे सांगितले जाते. वकिलीचा काळा कोट घालणाऱ्या प्रत्येकाने हा खटला ध्यानात ठेवावा. १९ मे १९१९ रोजी अल्बर्ट हॉलमधील सभेत जेब आणि त्यांची बहीण डोरोथी बक्स्टन यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ निधीची घोषणा केली.

१९२१ साली रशियात दुष्काळ पडला. बोल्शेविकांच्या मुलांना अन्न कशाला, अशी ओरड इंग्लंडमध्ये झाली. तरीही या संस्थेचे ६०० टन अन्न जहाजाने रवाना झाले आणि सारातोव्ह प्रांतात मुलांसाठी अन्नछत्रे उघडली.

पण अन्नछत्र देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. देणगी आटली की चूल विझते. म्हणून जेब यांनी १९२३ मध्ये मुलांच्या हक्कांचा पाच कलमी जाहीरनामा तयार केला. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याला शुश्रूषा, अनाथाला आसरा, संकटात मदतीचा पहिला मान मुलांना आणि शोषणापासून संरक्षण. वंश, राष्ट्र, धर्म यांचा भेद न करता. २६ सप्टेंबर १९२४ रोजी राष्ट्रसंघाने तो स्वीकारला. दान आणि हक्क यांतला फरक आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको.

१७ डिसेंबर १९२८ रोजी जिनिव्हात, वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जाहीरनाम्याचा धागा पुढे १९८९ च्या बालहक्क करारापर्यंत पोहोचला. भारताने तो करार १९९२ मध्ये मान्य केला.

तरीही २०२४ मध्ये सुदानच्या झमझम छावणीत आणि २०२५ मध्ये गाझा शहरात दुष्काळ जाहीर करावा लागला. पावसाने दगा दिला म्हणून नव्हे, तर युद्धाने अन्नाची वाट अडवली म्हणून. कायदा कागदावर आला; त्याला जाब विचारणारी माणसे मात्र दर पिढीत नव्याने उभी राहावी लागतात. जेब यांच्या आयुष्याचा अर्थ हाच आहे.