दादासाहेब फाळकेंची टीम घरासारखी चालायची, मग भागीदार आले आणि गणित बिघडलं

भारतीय सिनेमाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके सगळ्यांना माहीत आहेत. पण सिनेमा एकट्याने होत नाही. फाळकेंनी जेव्हा पहिला सिनेमा करायला घेतला, तेव्हा या देशात सिनेमाचं काम येणारी माणसंच जवळपास नव्हती. मग त्यांनी टीम उभी केली कशी? आणि ती पुढे मोडली का?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई असे सगळे उद्योग करून ते चाळिशीत सिनेमाकडे वळले. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी कॅमेरा आणला आणि दादरच्या राहत्या घरातच काम सुरू केलं.

टीममध्ये पहिलं नाव पत्नी सरस्वतीबाईंचं. कोऱ्या फिल्मला अंधारात भोकं पाडणं, फिल्म धुणं ही कामं त्या शिकल्या, शिवाय सगळ्या युनिटचा स्वयंपाकही त्याच बघायच्या. त्र्यंबक तेलंग यांना फाळकेंनी स्वतः कॅमेरा चालवायला शिकवलं. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. रोहिदास झाला फाळकेंचाच मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि पुढचा इतिहास घडला.

त्याच वर्षी फाळकेंनी आपलं बस्तान नाशिकला हलवलं. इथे केलेल्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं. कलाकार आणि कामगार एकाच आवारात राहायचे, एकाच पंगतीला जेवायचे. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये साळुंकेंनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या आणि सिनेमा तुफान चालला.

या टीमचं बळ कशात होतं? एक म्हणजे, येणाऱ्या प्रत्येकाला काम शिकवलं जायचं. दुसरं, पडेल ते काम करायला कुणी लाजत नव्हतं. तिसरं, शेवटचा शब्द कुणाचा, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

हा तिसरा मुद्दाच पुढे महागात पडला. पहिल्या महायुद्धाच्या काळात पैशाची चणचण वाढली. ती मिटवण्यासाठी १९१८ मध्ये फाळकेंनी वामन आपटे आणि इतर भागीदारांसोबत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली. भांडवल आलं आणि मोठे सिनेमेही आले. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळकेंची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली.

पण खर्च किती करायचा आणि तो कुणी ठरवायचा, यावरून खटके उडू लागले. भागीदारांना हिशेब हवा होता, फाळकेंना मनासारखं चित्र. चूक कुणा एकाची होती असं म्हणता येत नाही. याआधी छपाईच्या धंद्यातही फाळकेंचं भागीदारांशी पटलं नव्हतं. ज्या हट्टापायी पहिला सिनेमा झाला, तोच हट्ट भागीदारीत आडवा आला.

शेवटी फाळके कंपनी सोडून काशीला गेले आणि तिथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिलं. इकडे त्यांच्याशिवाय कंपनीचंही नीट चालेना. १९२२ मध्ये ते परतले, पुन्हा सिनेमे केले, पण सुरुवातीचा तो सूर काही लागला नाही. तीसच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी गुंडाळली गेली. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचं निधन झालं.

घरच्यासारखी टीम विश्वासावर चालते. त्यात पैसा आणि भागीदार आले की मात्र कुणाचा अधिकार कुठवर, हे आधीच बोलून घ्यावं लागतं. फाळके आणि त्यांच्या भागीदारांचं नेमकं हेच राहून गेलं.