महर्षी धोंडो केशव कर्वे : मुरूडचे घर आणि हिंगण्याचे घर

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला,
• महर्षी कर्वे यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• स्वग्रामाशी असलेले त्यांचे नाते आणि अनाथ बालिकाश्रमाचे कार्य यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
• 'अनाथ', 'आश्रम', 'माहेर' या शब्दांचे सामाजिक अर्थ उलगडून दाखवता येतील.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराची लक्षणे पाहिली. चरित्रात घटनांचा क्रम असतो. परंतु केवळ घटनाक्रम म्हणजे चरित्र नव्हे. चरित्रनायकाने काय गमावले आणि त्या बदल्यात काय उभे केले, याचा शोध चरित्रकाराला घ्यावा लागतो. या दृष्टीने धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे यांचे जीवन अभ्यासण्यासारखे आहे. समुद्रकाठच्या ज्या गावावर त्यांनी जीव लावला, त्या गावाचे दार त्यांना बंद झाले. आणि ज्यांना कोणत्याच घराचे दार उघडे नव्हते, अशा स्त्रियांसाठी व मुलींसाठी त्यांनी पुण्याजवळ एक घर उभारले. या दोन घटनांच्या अनुषंगाने प्रस्तुत घटकात त्यांच्या जीवनाचा विचार केला आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ मुरूडचे संस्कार

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. त्यांचे मूळ गाव मात्र दापोली तालुक्यातील मुरूड. एका बाजूला समुद्राची पुळण, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मध्ये माड-पोफळीच्या बागा अशी या गावाची रचना आहे. गावचे दैवत दुर्गादेवी. घरची स्थिती बेताची होती. पण स्वाभिमान आणि काटकसर यांचे संस्कार आईवडिलांकडून झाले. सोमण गुरुजींनी या मुलाला सार्वजनिक कामाची गोडी लावली. देवीच्या देवळात जमलेल्या ग्रामस्थांना वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम लहान वयातच त्यांच्याकडे आले. पुढील आयुष्यातील लोकशिक्षणाचा पहिला धडा त्यांनी असा गावातच गिरवला.

कोकणातील मुलाला शिक्षणासाठी 'घाटावर' जावे लागे. मराठी सहावीच्या परीक्षेसाठी कर्वे सोबत्यांसह सह्याद्री ओलांडून, शंभराहून अधिक मैल पायी चालत साताऱ्यास गेले. तेथे त्यांच्या लहानखुऱ्या देहयष्टीमुळे वयाची खात्री पटली नाही आणि परीक्षेस बसू न देता त्यांना परत पाठवण्यात आले. या प्रसंगाचा त्यांनी पुढे कोठेही बाऊ केला नाही. चिकाटी सोडली नाही, एवढेच.

४.२.२ मुंबई आणि मुरूड फंड

पुढील शिक्षणासाठी कर्वे मुंबईस आले. १८८४ मध्ये त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन बी.ए.ची पदवी मिळवली. मुलींच्या शाळांत अध्यापन आणि खासगी शिकवण्या करून ते संसार चालवीत. नरहरपंत जोशी या मित्राचे आणि त्यांचे कुटुंब एकत्र राहत असे.

मुंबईत असताना गावाची ओढ कमी झाली नाही. मात्र या ओढीला त्यांनी उसाशांचे रूप दिले नाही. तिला वर्गणीचे रूप दिले. पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतील अल्प हिस्सा गावासाठी द्यावा, या कल्पनेतून 'मुरूड फंड' उभा राहिला आणि त्याचा उपयोग गावातील शिक्षणासाठी झाला. गावापासून दूर असलेल्या माणसाने गावाशी नाते कसे राखावे, याचे हे उदाहरण आहे.

१८९१ मध्ये दोन घटना घडल्या. पत्नी राधाबाई यांचे निधन झाले. मुलगा रघुनाथ त्या वेळी नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले.

४.२.३ पुनर्विवाह आणि बहिष्कार

नरहरपंतांची बहीण गोदूबाई या बालविधवा होत्या. लग्नानंतर काही महिन्यांतच, वयाच्या आठव्या वर्षी त्यांना वैधव्य आले होते. पंडिता रमाबाईंच्या 'शारदा सदन' या संस्थेच्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. ११ मार्च १८९३ रोजी कर्वे यांनी त्यांच्याशी विवाह केला. पुन्हा विवाह करायचा तर विधवेशीच, हा निर्णय त्यांनी विचारपूर्वक घेतला होता. विवाहानंतर गोदूबाईंचे नाव आनंदीबाई झाले. पुढे त्या 'बाया कर्वे' म्हणून ओळखल्या गेल्या.

विवाहानंतर हे दांपत्य मुरूडला गेले, तेव्हा गावाने बहिष्काराचा ठराव केला. कर्वे यांच्याशी कोणी बैठकव्यवहार ठेवू नये, आणि घरच्या माणसांनी त्यांना घरात घेतल्यास त्यांनाही वाळीत टाकावे, असा त्याचा आशय होता. या ठरावातील दंश नीट समजून घ्यावा. शिक्षा केवळ कर्वे यांना नव्हती. त्यांच्या वृद्ध आईला आणि थोरल्या भावालाही होती. मुलाने घरी यावे अशी आईची इच्छा असणार. पण तो घरी आला की तिचे पाणी तुटणार. आपल्या माणसांना त्रास होऊ नये म्हणून आपल्याच घरापासून दूर राहणे कर्वे यांना भाग पडले. ज्या गावासाठी त्यांनी फंड उभारला, त्याच गावात त्यांना परक्याहून परके व्हावे लागले.

४.२.४ अनाथ बालिकाश्रम

१८९३ मध्येच कर्वे यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. पुनर्विवाह करणाऱ्यांना साहाय्य करणे आणि अशा कुटुंबांतील गरजू मुलांची सोय पाहणे, ही कामे तिने केली. परंतु पुनर्विवाह थोड्याच जणी करू शकतील. शिक्षणाची गरज मात्र सर्वांनाच आहे, हे त्यांच्या लक्षात आले. त्यातून १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाली.

या नावाचा भाषिक अंगाने विचार करू. आज 'अनाथ' म्हणजे आईवडील नसलेले मूल, असा अर्थ रूढ आहे. संस्कृतात 'नाथ' म्हणजे रक्षणकर्ता, स्वामी, पती. त्यामुळे पोरकी मुलगी आणि बालविधवा या दोघीही या एका शब्दाच्या कक्षेत येतात. 'विधवा' हा अपशकुनाचा शिक्का वगळून 'बालिका' हा शब्द आल्याने, समाजाने जिला केवळ विधवा म्हणून ओळखले तिचे मूलपण तिला परत मिळते. नामकरण हीसुद्धा एक सामाजिक कृती असते, हे येथे ध्यानात ठेवावे.

पुण्यातील प्लेगच्या साथीमुळे आश्रम शहराबाहेर नेणे आवश्यक झाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे सहा एकर जमीन आणि इमारतीसाठी ७५० रुपये दिले. १९०० मध्ये तेथे एका साध्या झोपडीत आश्रम सुरू झाला. कॉलेजातील तास संपल्यावर कर्वे सुमारे चार मैल चालत हिंगण्यास जात, तेथे शिकवीत आणि सकाळी पुन्हा पुण्यास परतत. पावसाळ्यात वाट चिखलाची असे. शहरात निंदा वाट्याला येई. हा क्रम त्यांनी दीर्घकाळ चालवला.

४.२.५ सुटीचे दिवस

निवासी संस्थेची खरी कसोटी सुटीत लागते. शाळा चालू असताना सर्व मुली सारख्याच असतात. सुटी लागली की कोणाला घर आहे आणि कोणाला नाही, हे उघड होते. त्या काळच्या विधवेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होता. सण आणि मंगलकार्ये यांत तिला स्थान नव्हते. घरी परतणे म्हणजे अनेकदा स्वयंपाकघराच्या अंधारात परतणे, केशवपनाच्या आग्रहाला तोंड देणे आणि कदाचित शिक्षणाला कायमचे मुकणे. म्हणून आश्रम हा केवळ शाळा असून भागत नव्हते. ज्यांना जाण्यास ठिकाण नाही त्यांचे तो माहेर असणे आवश्यक होते. मराठीत 'माहेर' हा शब्द केवळ वास्तू दाखवत नाही; न मागता मिळणारा विसावा असा त्याचा अर्थ आहे.

कर्वे यांच्यासाठीही सुटी विश्रांतीची नव्हती. कॉलेजची सुटी लागली की ते आश्रमासाठी वर्गणी गोळा करण्यास गावोगाव हिंडत. कोकणातून पुण्यास आलेली माणसे सुटीत आपापल्या गावी परतत असताना, त्यांच्या वाट्याला परक्या गावांचा प्रवास येई. या कामात आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले यांची मोठी साथ लाभली. स्वतः विधवा असलेल्या पार्वतीबाईंनी आश्रमासाठी देशभर आणि पुढे अमेरिकेपर्यंत प्रवास केला.

या कार्याची झळ कर्वे यांच्या कुटुंबालाही बसली. पती संध्याकाळी हिंगण्यास जाणार आणि पैसाही आश्रमाकडे वळणार, अशा स्थितीत संसार बाया कर्वे यांनी सांभाळला. याविषयीची आपली नाराजी त्यांनी 'माझे पुराण' या आत्मचरित्रात मोकळेपणाने नोंदवली आहे. कर्वे यांचे 'आत्मवृत्त' (१९१५) आणि 'माझे पुराण' ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचल्यास एकाच घराच्या दोन बाजू दिसतात.

४.२.६ कार्याचा विस्तार

१९०७ मध्ये महिला विद्यालय आणि १९०८ मध्ये निष्काम कर्ममठ या संस्था सुरू झाल्या. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन झाले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या देणगीनंतर त्याला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. १९३६ मध्ये कर्वे यांनी ग्राम प्राथमिक शिक्षणाचे काम हाती घेतले, तर १९४४ मध्ये समता संघ स्थापन केला. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

४.३ समारोप

कर्वे यांच्या जीवनात गावाची ओढ आणि निराश्रितांचा सांभाळ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. घर तुटणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. त्यामुळे दुसऱ्याचे तुटलेले घर सांधण्याची निकड त्यांना समजली. त्यांनी मुरूडशी वैर धरले नाही, आणि समाजाच्या रोषापुढे आपला निर्णयही बदलला नाही. हिंगण्याचा तो परिसर आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो. आणि मुरूडची ओळखही आज महर्षी कर्वे यांचे गाव अशीच सांगितली जाते.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. मुरूड फंडामागील कल्पना थोडक्यात स्पष्ट करा.
२. बहिष्काराच्या ठरावाचा परिणाम कर्वे यांच्या कुटुंबीयांवर कसा झाला, ते लिहा.
३. 'अनाथ बालिकाश्रम' या नावातील शब्दयोजनेचे सामाजिक महत्त्व विशद करा.
४. निवासी संस्थेतील सुटीच्या काळाचा प्रश्न आजच्या संदर्भात मांडा.

उपक्रम : आपल्या परिसरातील एखाद्या बालगृहाला किंवा वसतिगृहाला पूर्वपरवानगीने भेट द्या. दिवाळीच्या सुटीत तेथे राहणाऱ्या मुलांसाठी कोणती व्यवस्था केली जाते, याची माहिती घेऊन दोन पृष्ठांचे टिपण तयार करा. मुलांची नावे टिपणात लिहू नका.