न पाहिलेल्या वस्तूचे अस्तित्व : नील्स बोर यांचे जीवनचिंतन

शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा, चार पायांचा मातीचा रांजण सापडला. त्यात एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा होता. इतकी शतके तो कोणीही पाहिला नव्हता. तरीही तो तेथे होताच, याविषयी आपल्या मनात शंका येत नाही. अणूतील इलेक्ट्रॉनाविषयी असेच म्हणता येईल काय? या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेल्या शास्त्रज्ञाचा आज आपण परिचय करून घेणार आहोत.

नील्स बोर यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८८५ रोजी डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे झाला. १९१३ साली त्यांनी अणूची नवी रचना मांडली आणि १९२२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९२१ साली त्यांनी उभारलेली संस्था तरुण भौतिकशास्त्रज्ञांचे माहेरघर ठरली.

१९२५-२६ मध्ये क्वांटम सिद्धांत आकारास आला. मात्र मापनापूर्वी इलेक्ट्रॉन नेमका कोठे आहे, हे तो सांगत नव्हता. केवळ शक्यता सांगत होता. १९२७ साली बोर यांनी पूरकतेचे तत्त्व मांडले. इलेक्ट्रॉनाचे स्थान मोजण्याची व्यवस्था व त्याचा संवेग मोजण्याची व्यवस्था एकाच वेळी उभारता येत नाहीत. म्हणून प्रयोगाची व्यवस्था न सांगता या गुणांविषयी बोलणे निरर्थक होय, असे त्यांचे म्हणणे होते. माणसाच्या मनामुळे वस्तू निर्माण होते, असे मात्र त्यांनी कधीही म्हटले नाही. छायाचित्राच्या काचेवर उमटलेली खूण कोणी पाहो वा न पाहो, ती तेथे असतेच.

आइनस्टाइन यांना हे मान्य नव्हते. मापन होवो वा न होवो, वस्तूला तिचे निश्चित गुण असलेच पाहिजेत, अशी त्यांची धारणा होती. १९३० साली त्यांनी प्रकाशाने भरलेल्या पेटीचा काल्पनिक प्रयोग पुढे केला. रात्रभर अस्वस्थ राहिलेल्या बोर यांनी दुसऱ्या दिवशी आइनस्टाइन यांच्याच सापेक्षता सिद्धांताच्या आधारे उत्तर दिले. वाद मिटला नाही. पण परस्परांविषयीचा आदरही कमी झाला नाही.

बोर यांच्या वाट्याला दुःखही आले. १९३४ साली त्यांचा थोरला मुलगा त्यांच्या डोळ्यांदेखत समुद्रात बुडाला. आई ज्यू कुळातील असल्याने १९४३ साली नाझींच्या हातून वाचण्यासाठी त्यांना होडीने स्वीडनला निसटावे लागले. पुढे त्यांनी अणुबॉम्बच्या कार्यास साहाय्य केले. तथापि राष्ट्रांनी एकमेकांपासून ज्ञान लपवू नये, असे आवाहन त्यांनी १९५० साली संयुक्त राष्ट्रसंघाला खुल्या पत्राद्वारे केले. १९६० साली ते भारतात आले, तेव्हा त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेलाही भेट दिली.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. आदल्या संध्याकाळी त्यांनी फळ्यावर काढलेले चित्र त्याच पेटीचे होते. आइनस्टाइन जाऊन सात वर्षे झाली होती, तरी त्यांच्याशी चाललेला संवाद थांबला नव्हता.

१९६४ साली जॉन बेल यांनी हा वाद प्रयोगाच्या कसोटीवर आणण्याचा मार्ग दाखवला. ते प्रयोग करणाऱ्या आस्पे, क्लाउझर व झाइलिंगर यांना २०२२ साली नोबेल मिळाले. कणांचे गुण आधीच ठरलेले असतात आणि दूरच्या घटनेचा त्यांच्यावर तत्क्षणी परिणाम होत नाही, या दोन्ही सामान्य समजुती एकत्र टिकत नाहीत, असे त्यातून दिसले. त्याचा अर्थ काय, यावर मात्र अद्याप एकमत नाही.

इनामगावचा रांजण भोवतालच्या माती, उष्णता व ओलाव्याच्या सतत संपर्कात होता. इलेक्ट्रॉन तसा नसतो. म्हणूनच जे मोजले नाही त्याविषयी किती बोलावे, याचे भान बोर यांनी आयुष्यभर जपले. त्यांच्याकडून आपण घ्यावयाचा धडा हाच आहे.